दत्तूतात्यांचा चिलीतला माणूस

"लुपेवहिनींचा गुडघा बदलला हो काल. डावा."

सकाळी साडेसहाला मी दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी आलो, की कुंपणापलीकडून दत्तूतात्या गावडे अशी एखादी बातमी माझ्या अंगावर टाकतात. पहिल्यांदा मला वाटलं, लुपेवहिनी म्हणजे त्यांच्या सासुरवाडीकडची कोणीतरी असेल. मी आपला माणुसकीने विचारलं, "कुठल्या दवाखान्यात ठेवलंय? बारामतीतच का?"

तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बारामतीत कशाला? मेक्सिकोत. त्यांच्या गावाचं नाव लई अवघड हाय, तुमाला जमायचं न्हाय."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या कदमांच्या आईचाही गुडघा बदलला होता. तोही डावा. म्हातारी वॉकर घेऊन रोज अंगणात चार पावलं टाकायची. तात्यांनी तिच्याकडे बघत मला हळूच विचारलं, "कदमांकडं ही कोण पावनी आलीय वो?"

ही पाहुणी तिथे गेली नऊ वर्षं राहते.

दत्तूतात्या माळेगावकडच्या एका साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसात साखर किती, मळीत वाया किती गेली, हे मोजण्यात चौतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन बारामतीत भिगवण रस्त्याच्या अलीकडे आमच्या कॉलनीत बंगला बांधला, पण मोजण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. शंभर किलो उसातून साखर किती निघते, याला कारखान्यात उतारा म्हणतात. तात्या माणसांचाही उतारा काढतात. "कदम? साडेआठ. नुसता चोथा." "आपल्या कॉलनीचा चेअरमन? त्याचं गाळपच करू नये." माझा उतारा त्यांनी माझ्या तोंडावर सांगितला आहे. "देशपांडेसाहेब, तुमचा साडेनऊ. तेबी हंगाम चांगला असला तर."

लुपेवहिनींचा मात्र साडेबारा. न बघता, न भेटता.

हे सगळं सुरू झालं ते अवाकाडोमुळे. कऱ्हाटीला तात्यांचं थोडं रान आहे. सगळे ऊस लावतात म्हणून आपण लावायचा नाही, या एकाच शास्त्रीय कारणाने त्यांनी तिथे ठिबकवर अवाकाडोची चाळीस झाडं लावली. गावातल्या लोकांनी त्याला 'तात्याची हिरवी वांगी' असं नाव ठेवलं. पाचव्या वर्षी फळं धरली. ती कच्ची असताना दगडासारखी आणि पिकली की साबणासारखी लागतात, असं गावचं एकमत झालं. फळ खाल्लेल्या एका म्हशीनेही नंतर त्या बाजूला जायचं सोडलं म्हणतात. तात्या खचले नाहीत. त्यांनी फोन उघडला, शोधाशोध केली आणि जगभरातल्या अवाकाडोवाल्यांचा एक ग्रुप त्यांना सापडला. हजारो माणसं. कुणी झाडं लावणारी, कुणी नुसती खाणारी. तात्यांनी पहिला फोटो टाकला, आणि अर्ध्या तासात त्यांच्या वांग्यांचं एकोणीस देशांनी कौतुक केलं.

कऱ्हाटीने जे पाच वर्षांत केलं नाही, ते एकोणीस देशांनी अर्ध्या तासात केल्यावर माणूस कुणाचा होणार?

तात्यांनी त्या सगळ्यांना नात्यात घेऊन टाकलं. मेक्सिकोची ग्वादालुपे ती लुपेवहिनी. टेक्सासचा बॉब तो बाबूराव. केनियात एक पीटर आहे, तो पितांबर. तात्यांना इंग्रजी जेमतेम येतं, स्पॅनिश अजिबात नाही. ते फोनमध्ये मराठीत बोलतात, फोन त्याचं काहीतरी करतो आणि पलीकडे पाठवतो. एकदा लुपेवहिनींनी कृती पाठवली. तात्यांनी जुन्या वळणाने उत्तर दिलं, "आमच्या मंडळींना सांगतो." फोनने मंडळींचं मंडळ करून टाकलं. लुपेवहिनींनी अदबीने विचारलं, "आपल्या मंडळात एकूण सदस्य किती?"

तात्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सुमनकाकू, म्हणजे त्यांची मंडळी, तेव्हा भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "सांगा त्यांना, एकच हाय. आन तीबी राजीनामा द्यायच्या बेतात हाय."

काकूंचा राग समजण्यासारखा होता. लुपेवहिनींची ती कृती म्हणजे ग्वाकामोली. पिकलेला अवाकाडो कुस्करायचा, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. माझ्या साध्या बुद्धीला ती कोशिंबीर वाटते. तात्यांसमोर हा शब्द काढला की ते आठ दिवस बोलत नाहीत, म्हणून मी अधूनमधून मुद्दाम काढतो. दर रविवारी दहा वाजता तात्या दगडी खलबत्ता घेऊन ओट्यावर बसतात. फोन डब्याला टेकवलेला, कारण पितांबर आणि बाबूराव बघत असतात. अंगात कारखान्याचा जुना पांढरा कोट. मिठाला तराजू, लिंबाच्या रसाला काचेची मोजनळी. आणि मग कॉलनीतल्या आम्हा सात-आठ जणांची चव समिती बसते. तशी ती बसत नाही, पकडून आणली जाते. भाकरीच्या कडक तुकड्यावर तो हिरवा लगदा लावून एकेकाच्या हातात, आणि समोर छापील कागद. रंग, वास, चव, 'जिभेवर किती वेळ टिकली'. शेवटच्या रकान्यात कदमांनी एकदा लिहिलं होतं, 'सोमवारपर्यंत'. तेव्हापासून त्यांचा उतारा साडेआठवर आला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण भोसलेआजोबा वारले त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

भोसलेआजोबा कोपऱ्यावरच्या घरातले, कॉलनीत सगळ्यांत थोरले. आम्ही सगळे स्मशानात गेलो. तात्याही आले. एका बाजूला उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लोक गहिवरले. भोसल्यांचा मुलगा मला म्हणाला, "तात्यांना एवढी माया होती आबांची, आम्हाला कधी कळलंच नाही." मी तात्यांजवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला त्यांच्या मुठीतला फोन दिसला.

"बडी गेला हो," तात्या म्हणाले.

बडी हा टेक्सासच्या बाबूरावांचा कुत्रा.

परत येताना मी त्यांना गाडीत चांगलंच सुनावलं. "तात्या, साठ पावलांवरचा माणूस गेला आणि तुम्ही तिकडच्या कुत्र्यासाठी रडता?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "बाबूरावानं सा महिने रोज कळवलं. आज जेवला, आज न्हाय जेवला. भोसल्यांनी कधी सांगितलं का, आबा जेवत न्हाईत म्हणून?"

"तुम्ही कधी विचारलंत का?"

पण खरं सांगायचं, तर मीही विचारलं नव्हतं.

या सगळ्या नातेवाइकांमध्ये तात्यांचा सगळ्यांत लाडका मात्र एक भांडखोर माणूस होता. चिली देशातला पेद्रो. बाकीचे 'ब्यूटिफुल, ब्यूटिफुल' करायचे. पेद्रोने आयुष्यात तात्यांच्या एकाही वाटीला चांगलं म्हटलं नाही. तात्या रोज सकाळी चहा पिताना त्याचं पत्र मला कुंपणावरून वाचून दाखवायचे. पेद्रोचं इंग्रजी मोठं टापटिपीचं, शाळेतल्या निबंधासारखं. "डिअर दत्तात्रय, विथ ड्यू रिस्पेक्ट, यू हॅव अगेन मर्डर्ड द अनियन." मग कांदा किती बारीक चिरावा, यावर तीन परिच्छेद. कोथिंबिरीचे देठ घ्यावेत की नाही, यावर दोघांचं एकदा पंधरा दिवस चाललं होतं.

"एवढा अपमान करतो, तर ब्लॉक का नाही करत त्याला?" मी एकदा म्हणालो.

"न्हाय न्हाय," तात्या घाईने म्हणाले. "माणूस लाखाचा हाय. उतारा तेरा."

तेरा! लुपेवहिनींपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त. मला मनापासून वाटायला लागलं, की हा पेद्रो एक दिवस या माणसाला टोपी घालणार. घालावी, असंही थोडं वाटलं. साडेनऊ उताऱ्याच्या माणसाला असं वाटणारच.

माझी नोकरी इंदापूरला, एका सरकारी कचेरीत. रोज बारामतीहून एसटीने जायचं, संध्याकाळी परत. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागायची होती. फाटकाबाहेर एक फळवाली बसते. तिच्या पाटीत पेरू, चिकू आणि मधोमध कागदात गुंडाळलेले चार अवाकाडो. मी थांबलो. म्हटलं, "मावशी, हे इंदापुरात कोण घेतं?"

"एकच गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. "त्यांच्यासाठीच पुण्यावनं मागवती. ते काय, आलेच बगा."

साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी अवाकाडो उचलला, नखाने देठ उडवला आणि खालचा रंग बघितला. हे देठ उडवणं मी रोज बघतो. तात्या अगदी असंच करतात, करंगळी वर ठेवून. गृहस्थांनी दोन फळं घेतली, बाकावर येऊन माझ्या शेजारी बसले, फोन काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मलाही कळतं. पण त्या फोनमध्ये पांढरा कोट घातलेले आमचे दत्तूतात्या खलबत्ता धरून बसले होते. आणि खाली अक्षरं उमटत होती, "डिअर दत्तात्रय, विथ ड्यू रिस्पेक्ट..."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पेद्रो?"

त्यांच्या हातातलं फळ निसटून बाकाखाली गेलं. ते उचलायला आम्ही दोघेही वाकलो. वर आलो तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर तात्यांचं नाक होतं.

"तुम्ही कोण?" ते म्हणाले.

"तात्यांचा शेजारी. देशपांडे. आणि तुम्ही चिलीत नाही आहात."

"मी वसंत गावडे. दत्तूदादाचा धाकटा भाऊ." त्यांनी फोन पालथा केला. "त्याला सांगू नका. हात जोडतो."

सहा वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतो आम्ही. तात्यांना भाऊ आहे, हे मला माहीतच नव्हतं.

वसंतसर इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, मेघाचं, लग्न होतं. पंगत बसलेली, व्याही मंडळी मानाच्या रांगेत. पानात गुलाबजाम आले. तात्यांनी खिशातून रसाचा गोडवा मोजायची कारखान्यातली छोटी नळी काढली, पाकाचा थेंब टाकला, उजेडाकडे धरून बघितलं आणि भर पंगतीत म्हणाले, "वसंता, आचाऱ्यानं पाकात पाणी मारलंय. साखर बत्तीस टक्केसुदा लागत न्हाय."

"सगळे हसले," वसंतसर म्हणाले. "दादाही हसला. त्याला वाटलं, गंमत झाली. पण माझ्या मेघाला सासरी दोन वर्षं ते ऐकावं लागलं. चहा पातळ झाला, की सासू म्हणायची, माहेरचं वळण. आमटी पातळ झाली, की माहेरचं वळण. पोरगी फोनवर रडायची. मी दादाला म्हटलं, येऊन त्यांची माफी माग. तर म्हणाला, नळी खोटं बोलत नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्याच्या घराच्या वास्तुशांतीलाही मी गेलो नाही." सरांनी खिशातली पेनं सारखी केली. "दोन वर्षांपूर्वी एका मावसभावाने दादाचा तो खलबत्त्याचा फोटो दाखवला. त्या ग्रुपातला. म्हटलं, बघू तरी काय करतो. खोटं नाव घेतलं."

"पण चिलीच का?"

"नाव सुचेना. समोर मिरच्या होत्या." ते कसनुसं हसले. "आणि मग त्याने कांदा चिरलेला बघितला. मला राहवलं नाही."

माझी गाडी लागली होती. मी त्यांना माझा नंबर दिला, सांगणार नाही म्हणून शब्द दिला आणि चढलो. बारामती येईपर्यंत मी तो शब्द मोडायचं ठरवून टाकलं होतं. यात भावाभावाचं भलं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं, हे इथे कबूल केलेलं बरं. मला फक्त तात्यांचं तोंड बघायचं होतं. तेरा उताऱ्याचा चिलीचा माणूस शेवटी इंदापूर स्टँडवरचा निघाला, हे कळल्यावर ते तोंड कसं होईल, याची मी गाडीत तीन-चारदा उजळणी केली.

रविवारी चव समिती पांगली, तसा मी मागे राहिलो. तात्या खलबत्ता धुवत होते. मी म्हटलं, "तात्या, तुमचा पेद्रो आहे ना..."

तात्यांनी नळ बंद केला. आत बघितलं. काकू मागच्या दारी होत्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "इंदापूरचा हाय. माहीत हाय मला."

माझी उजळणी सगळी वाया गेली.

"कधीपासून?"

"पयल्या म्हैन्यापासनं." ते कोट काढून घडी घालायला लागले. "त्यानं एकदा लिवलं, की मिरची तव्यावर भाजून वाटीच्या बुडानं रगडावी, माझी आई तशी करायची. आता सांगा, चिलीत कुणाची आई वाटीच्या बुडानं मिरची रगडती? आमच्या आईची खोड ती. घरात चांगला खलबत्ता असून वाटीनंच रगडायची. ह्यो खलबत्ता तिचाच."

"मग बोलला का नाहीत? दोन वर्षं झाली!"

"बोललो असतो तर गेला असता तो." तात्या म्हणाले. "नऊ वर्सं एक शबूद बोलला न्हवता. आता रोज दोन पानं भांडतोय. भांडू दे की."

मग ते जरा खुलले. माझ्या जवळ सरकून म्हणाले, "तुमाला सांगतो देशपांडेसाहेब, मधी एकदा आठ दिस त्यो गप्प होता. मला काय सुदरंना. मी ग्वाकामोलीत साखर घातली आन फोटो टाकला. साखर! तासाभरात तुटून पडला. तीन दिस सोडला न्हाय मला. लई बरं वाटलं."

म्हणजे हा माणूस दोन वर्षं मुद्दाम कांदा जाड चिरत होता. आणि त्या जाड कांद्यावर आम्ही दर रविवारी गुण देत होतो.

"हे कुणाला सांगू नका," तात्या म्हणाले. "त्यालाबी."

आता दोघांचीही गुपितं माझ्या पोटात, आणि माझं पोट या बाबतीत अजिबात भरवशाचं नाही. कॉलनीत एखादी गोष्ट पसरवायची असेल तर लोक ती मला 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगतात. तरी मी गप्प राहिलो. इतकंच नाही, तर तात्यांचा हमालही झालो. दर सोमवारी ते कऱ्हाटीची सहा फळं कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घालायचे. मी ती इंदापूरच्या फळवालीला द्यायची आणि तिने पुण्याहून आलीत म्हणून वसंतसरांना द्यायची. मंगळवारी पेद्रोचं पत्र यायचं, की सान्तियागोच्या बाजारात या आठवड्यात फळ चांगलं मिळालं. तात्या ते पत्र मला दोनदा वाचून दाखवायचे.

असं होळीपर्यंत चाललं. होळीनंतर एका संध्याकाळी वसंतसर स्टँडवर भेटले आणि म्हणाले, "इथलं घर सोडतोय. मेघा बंगळूरला असते आता, तिच्याकडे कायमचं जायचं. मिसेस गेल्यावर इथे एकट्याने राहवत नाही. महिनाअखेरीला निघेन."

मी तात्यांना सांगितलं. ते कुंपणाशी उभे होते, हातात चहाचा कप.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "फोनवर चिली काय आन बंगळूर काय, सारखंच."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तितंबी अवाकाडो मिळतात. इंदापूरपेक्षा चांगले."

"हो."

कप त्यांच्या हातात तसाच राहिला. चहावर साय धरली. आणि मग या माणसाने, जो केनियातल्या पितांबरच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या तारखेला झालं ते सांगतो, मला विचारलं, "वसंताची मंडळी कधी गेली?"

"चार वर्षं झाली म्हणाले."

"मला कुणी कळवलं न्हाय," तात्या म्हणाले. कप कुंपणावर ठेवून म्हणाले, "मी तरी कुठं इचारलं."

त्यानंतरचा रविवार पहिला असा गेला, की चव समितीला कुणी बोलावलं नाही. काकूंनी मला हाक मारली. आत गेलो तर तात्या टेबलाशी बसलेले, समोर फोन. "इंग्रजी तेवढं तुमी लिवा," ते म्हणाले. "मी सांगतो. फोनवर भरवसा न्हाय, त्यो मंडळींचं मंडळ करतो."

त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. फार मोठं नव्हतं. डिअर पेद्रो, तू परका माणूस आहेस म्हणून तुला सांगतो. मला एक धाकटा भाऊ आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात मी चारचौघांत शहाणपणा केला. नळी खरं बोलत होती, पण तिला त्या दिवशी खिशातून काढायचं काही कारण नव्हतं. पोरीला त्याचा त्रास झाला. त्याची बायको गेली तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हतो. तो आता लांब जातोय. मी काय करू ते कळव.

'परका माणूस' या शब्दाशी मी थांबलो. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यो शबूद असला तरच त्याला वाचता यील."

दोन दिवस उत्तर नाही. तात्यांनी फोन उशाशी नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. काकू रोज पूजा करताना तो उचलून बाजूला ठेवायच्या आणि झाल्यावर परत तिथेच. बुधवारी सकाळी मी दुधाला बाहेर आलो, तर तात्या फाटकातच उभे होते. फोन माझ्यापुढे धरला. एकच ओळ होती. "डझ युअर ब्रदर नो धिस?"

"काय म्हणतोय?" तात्यांनी विचारलं. त्यांना ते कळलं होतं. तरी विचारलं.

"तुमच्या भावाला हे माहीत आहे का, म्हणतोय."

तात्यांनी फोन घेतला. कुणाला मदत न मागता, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "नाऊ यस."

त्यावर उत्तर आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. रविवारी सकाळी मात्र मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "देशपांडे, मी बारामती स्टँडवर आहे. दादाचं घर मला माहीत नाही."

मी स्कूटर काढली. वसंतसर स्टँडबाहेर उभे होते, हातात कापडी पिशवी. कॉलनीच्या वळणाशी आल्यावर मागून विचारलं, "त्याला कधीपासून ठाऊक होतं?"

"मिरचीपासून," मी म्हणालो.

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरा हलला. हसले की काय झालं, मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

फाटकाशी मी स्कूटर थांबवली. वसंतसर उतरले, पण कडी काढेनात. नुसते उभे राहिले, घराकडे वर बघत. दारातून तात्या बाहेर आले. बनियनवर होते. भावाला बघून पायरीवरच थबकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणं होईल, रडणं होईल. कदमही त्यांच्या अंगणातून बघत होते.

तात्या आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक. वसंताचा बिनआल्याचा."

मग ते खाली आले, फाटकाची कडी काढली आणि भावाच्या हातातली पिशवी घेतली. वसंतसरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि त्यांच्या मागून आत गेले. दार उघडंच राहिलं. माझा पाय त्या दिशेने उचलला होता, तो मी मागे घेतला.

घरी आलो तर बायको खिडकीतून बघत होती. "तात्यांकडे कोण आलंय हो?"

"त्यांचे धाकटे भाऊ."

"त्यांना भाऊ आहे?"

"आहे की," मी म्हटलं. "इंदापूरला असतात."